पन्नास पौंडांचा कॅमेरा आणि पावणेपाच लाख भोकं: दादासाहेब फाळकेंच्या यंत्रांची गोष्ट

व्हिडिओच्या कामात शिरायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कॅमेरा कोणता घेऊ? मग चार दिवस यूट्यूबवर रिव्ह्यू बघायचे, मित्रांचं डोकं खायचं आणि शेवटी हप्त्यांवर एक महागडी बॉडी उचलायची. महिनाभरात लक्षात येतं की लेन्स हवी, माइक हवा, लाइट हवेत, आणि ते फुटेज उघडेल असा कॉम्प्युटर तर हवाच हवा. बजेट मात्र बॉडीतच संपलेलं असतं.

१९१२ साली मुंबईतला एक माणूस अशाच खरेदीला निघाला होता. वय ४१. हातात नोकरी नाही, घरात मुलंबाळं, खिशात विमा पॉलिसी गहाण टाकून उचललेलं कर्ज. त्याच्याकडे रिव्ह्यू नव्हते आणि ज्याला विचारावं असा देशात कुणी माहीतगारही नव्हता. तरी त्याने जी खरेदी केली ती इतकी पक्की निघाली की तिच्यावर भारतातला पहिला कथाचित्रपट उभा राहिला.

हा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र', भारतीय चित्रपटाचे जनक, त्यांच्या नावाचा पुरस्कार, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण त्यांनी नेमकं काय विकत घेतलं, ते कसं चालवलं, आणि त्या यंत्रांनी त्यांना किती दमवलं, हा भाग सहसा सांगितला जात नाही. खरी गंमत तिथेच आहे.

कॅमेरा तर आधीही आला होता

फाळकेंच्या आधी भारतात चित्रपटाचा कॅमेरा नव्हता असं नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हे मुंबईतले फोटोग्राफर. त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती चित्रित केली. कुस्ती मुंबईत झाली, चित्रण मुंबईत झालं, पण ती फिल्म धुवायला पाठवावी लागली विलायतेला.

१९१२ च्या मे महिन्यात रामचंद्र गोपाळ उर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तो म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं. कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता आणि फिल्मवरची प्रक्रिया झाली लंडनमध्ये.

म्हणजे अडचण कॅमेऱ्याची नव्हती. कॅमेऱ्याच्या आधी काय लागतं आणि नंतर काय लागतं, ते इथे नव्हतं. बोट जाणार, फिल्म धुतली जाणार, बोट परत येणार, आणि मग कळणार की तिसऱ्या दृश्यात उजेड कमी पडला होता. तोवर नट गावाला गेलेले. अशा व्यवस्थेत एखादी कुस्ती टिपता येईल, पण गोष्ट सांगणारा तासाभराचा चित्रपट करणं फार अवघड होतं.

फाळकेंना हे कळलं, कारण त्यांचं सगळं आयुष्य कॅमेऱ्यापेक्षा डार्करूममध्ये आणि छापखान्यात जास्त गेलं होतं.

सिनेमाआधीची चाळीस वर्षं

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईत आलं. मुलाला चित्रकलेची ओढ, म्हणून १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश. तिथून बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, वास्तुकला, छायाचित्रण, हाताला लागेल ते शिकणं सुरू होतं. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि सुवर्णपदक मिळवलं. ते काम आवडलेल्या एका चाहत्याने त्यांना फोटोचा महागडा कॅमेरा भेट दिला.

कलाभवनच्या प्राध्यापक गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं. तिथे तीन रंगांचे ब्लॉक कसे बनवायचे, दगडावरून छपाई कशी करायची, डार्करूममध्ये प्रिंट कशी काढायची, हे सगळं ते शिकले. पुढे गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं, गोध्रा सुटलं. बडोद्यात परत धंदा मांडला तर अफवा पसरली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस मरतो. गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. याच काळात बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि पुढे आपलंच नाव उलटं करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोगही केले. ही जादू पुढे कॅमेऱ्यात उतरणार आहे, एवढं लक्षात ठेवा.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. १९०६ च्या सुमारास तीही सोडली. लोणावळ्यात स्वतःचा छापखाना, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम, मग दादरला स्थलांतर. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणि तंत्र बघायला जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला, भागीदारांशी पटेना, आणि फाळके त्यातून बाहेर पडले.

नुसता बायोडाटा वाचला तर वाटेल, एका जागी न टिकणारा माणूस. पण रसायनं, प्रकाश, छपाई, यंत्राची देखभाल, पडदे रंगवणं, नजरबंदी अशी सहा वेगवेगळी कामं हाताखालून गेलेला माणूस त्या काळी मुंबईत दुसरा कुठे शोधायचा?

ख्रिस्ताचा चित्रपट आणि दुखरे डोळे

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण यायला लागले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं मिळवली आणि मेणबत्तीच्या उजेडात भिंग धरून घरच्या भिंतीवर चित्रं पाडून पाहिली. मुंबईत लागेल तो चित्रपट बघायचा, घरी येऊन डोकं चालवायचं, रात्री जेमतेम तीन तास झोपायचं. याचा ताण थेट डोळ्यांवर आला आणि दिसणं जवळपास बंद झालं. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली.

ज्या कामात डोळा हेच मुख्य हत्यार, त्याची सुरुवात डोळे गमावण्याच्या भीतीने झाली.

पैशांची सोय अशी झाली की विमा पॉलिसी गहाण ठेवल्या आणि दहा हजार रुपये उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके लंडनच्या बोटीत बसले.

लंडनची खरेदी

लंडनमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. पण मुंबईत ते 'बायोस्कोप' नावाचं तिथलं साप्ताहिक वाचायचे. पाटी दिसली तसे सरळ त्या कचेरीत शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी परावृत्तच केलं. इंग्लंडमध्येच कितीतरी निर्माते बुडालेत, त्यात भारताची हवा या कामाला मानवणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हवेचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. फिल्मवर चित्र ज्या थरात उमटतं तो जिलेटिनचा असतो आणि कोमट पाण्यात तो मऊ पडतो. मुंबईच्या मे महिन्यात नळाचं पाणी किती गार असतं ते आपल्याला माहीत आहे. पण फाळके छापखान्यातून आणि डार्करूममधून आलेले होते, त्यांनी हे ऐकून परतीचं तिकीट काढलं नाही.

कॅबोर्न यांनी मग त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेलं. हेपवर्थ म्हणजे त्या वेळचे इंग्लंडमधले आघाडीचे निर्माते, वॉल्टनला त्यांचा स्टुडिओ. हेपवर्थनी या अनोळखी भारतीय माणसाला स्टुडिओतला एकेक विभाग फिरवून दाखवला, चित्रीकरणाचं प्रात्यक्षिकही दाखवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ही दोन आठवड्यांची इंटर्नशिप होती, आणि फाळकेंचं चित्रपटाचं औपचारिक शिक्षण तेवढंच.

मग खरेदी. कॅमेरा घेतला विल्यमसन कंपनीचा, किंमत ५० पौंड. तेव्हाच्या दराने साधारण साडेसातशे रुपये. लाकडी पेटी, पुढे भिंग, बाजूला हाताने फिरवायचं हँडल. दहा हजारांचं कर्ज काढून आलेल्या माणसाने कॅमेऱ्यावर घातलेली रक्कम बघा. कर्जाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. बाकीच्या पैशांत प्रवास, मुक्काम आणि कॅमेऱ्याइतकीच गरजेची दुसरी यंत्रं बसवायची होती. फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, धुण्याची आणि प्रिंट काढायची सामग्री, आणि कोडॅकची कच्ची फिल्म.

माझ्या मते फाळकेंचा सगळ्यात मोठा निर्णय हाच. कॅमेऱ्याच्या आधीची आणि नंतरची यंत्रं मुंबईत आणायची, म्हणजे बोटीची वाट बघायची वेळच येणार नाही.

१ एप्रिल १९१२ ला ते परत आले आणि फाळके फिल्म्स कंपनी सुरू झाली. यंत्रांच्या पेट्या मे महिन्यात पोचल्या. सोबत आलेली आकृती बघत बघत त्यांनी चार दिवसांत सगळं जोडलं.

भोकांचं गणित

आता हे भोकं पाडायचं यंत्र काय प्रकरण आहे?

जुन्या फिल्मच्या पट्टीच्या दोन्ही कडांना चौकोनी भोकं असतात. कॅमेऱ्यातले आणि प्रोजेक्टरमधले दाते त्या भोकांत अडकतात आणि पट्टी एकेक चौकट पुढे सरकते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीला प्रत्येक बाजूला चार, म्हणजे एकूण आठ भोकं. त्या काळी कच्ची फिल्म सरसकट भोकं पाडून मिळत नसे. सपाट पट्टी यायची आणि भोकं आपली आपण पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया.

'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे ५९,२०० चौकटी. प्रत्येकीला आठ भोकं धरली तर ४,७३,६००. हा हिशोब फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीचा. निगेटिव्ह वेगळी, प्रिंट वेगळी, वाया गेलेली फिल्म वेगळी.

भोकांमधलं अंतर केसभर जरी चुकलं तरी पडद्यावर चित्र थरथरतं किंवा फिल्म अडकून फाटते.

हे काम कुणी केलं? सरस्वतीबाई फाळके यांनी. त्यांचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, १९०२ मध्ये फाळकेंशी लग्न झालं. दिवसभर साठ-सत्तर माणसांच्या कंपनीचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, आणि सगळे झोपल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडणं. फिल्म धुण्याची रसायनं कालवणंही त्या शिकल्या. चित्रपटासाठी पैसे कमी पडले तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले.

आजच्या श्रेयनामावलीत यासाठी निदान चार वेगवेगळी नावं येतील. लाइट असिस्टंट, लॅब टेक्निशियन, प्रॉडक्शन, केटरिंग. 'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट सांगताना सरस्वतीबाईंचा उल्लेख अनेकदा पतीला साथ देणारी पत्नी एवढ्यावर आटोपतो. ते मला पटत नाही. त्या तंत्रज्ञ होत्या.

आधी वाटाणा, मग हरिश्चंद्र

यंत्रं आली, पण चित्रपटासाठी भांडवल नव्हतं. फाळकेंनी आधी आसपासची मुलं चित्रित करून कॅमेरा चालतो का ते पाहिलं. मग एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर एका जागी बसवला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत महिन्याहून जास्त काळ तो वाढताना टिपला. पडद्यावर ही फिल्म दाखवली तर मिनिटाभरात बी रुजलं, कोंब आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे तिचं नाव. आपण आज मोबाइलवर जो टाइमलॅप्स करतो, तोच हा प्रकार.

त्यात दाखवण्याजोगी गोष्ट नव्हती, पण कर्ज देणाऱ्याला जे बघायचं होतं ते सगळं होतं. कॅमेरा स्थिर राहतो, फिल्म नीट धुतली जाते, प्रिंट स्वच्छ येते. पैसे मिळाले.

कॅमेऱ्यामागे कोण उभं राहणार? फाळके दिग्दर्शन करणार, पटकथा त्यांची, नेपथ्य त्यांचं. कॅमेरा दिला त्र्यंबक तेलंग यांच्याकडे. ते त्र्यंबकेश्वरचे बालमित्र. स्थिर छायाचित्रणाची माहिती होती, चित्रपटाचं काम फाळकेंनी शिकवलं.

हे शिकणं म्हणजे मुख्यतः हात शिकवणं. मोटर नव्हती. हँडल सेकंदाला साधारण दोन वेळा फिरवायचं, एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला सोळा. हात मंदावला तर पडद्यावर माणसं पळायला लागतात, हात घाईत आला तर ती रेंगाळतात. राजा वनवासाला निघालाय, समोर रडारड चाललीय, आणि कॅमेरामनने मनातल्या मनात आकडे मोजत हँडल फिरवत राहायचं.

दुसरी कटकट रंगांची. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला चटकन प्रतिसाद द्यायची आणि लाल रंगाला जवळपास आंधळी होती. निळं आकाश पडद्यावर पांढरंफटक, लाल साडी काळी. डोळ्याला सुंदर दिसणारा सेट फिल्मवर कसा दिसेल, हे आधीच ओळखावं लागायचं. मॉनिटर नव्हता. जे टिपलं ते रात्री फिल्म धुतल्यावरच कळणार. पण ती रात्र दादरच्याच घरातली होती, हा मोठा फरक. चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी ऊन आलं की पुन्हा घ्यायचं.

दिवे नव्हतेच, सगळं काम सूर्यावर. सेट दादरला उघड्यावर लावलेले. बाहेरचं चित्रीकरण वांगणीला झालं आणि तिथे वेगळाच घोळ झाला. ढाल-तलवारी घेतलेली माणसं गावात शिरलेली बघून लोकांना वाटलं दरोडेखोर आले. फौजदाराने सगळी नटमंडळी अडकवून ठेवली. मागून फाळके कॅमेरा घेऊन पोचले. समजावून उपयोग होईना, तेव्हा त्यांनी फौजदारासमोर कॅमेरा लावला आणि चित्रीकरण करून दाखवलं. माणसं सुटली. कॅमेऱ्यात फिल्म घातलेलीच नव्हती. एवढी महाग फिल्म फौजदारावर कोण घालवणार!

कात्री, डिंक आणि नजर

संकलनाचं काय? संकलनासाठी मूव्हिओला नावाचं यंत्र अमेरिकेत १९२४ मध्ये आलं. १९१३ मध्ये संकलन म्हणजे फिल्मची पट्टी उजेडासमोर धरायची, भिंगातून चौकटी बघायच्या, कात्रीने कापायची आणि फिल्म जोडायच्या सिमेंटने दुसऱ्या तुकड्याला चिकटवायची. एक जोड चुकला तर तो सोडवताना चौकट जाते, आणि गेलेली चौकट परत येत नाही. कंट्रोल झेड दाबण्याची सोय नव्हती.

फाळके हे काम कसं करायचे ते आज आपण प्रत्यक्ष बघू शकतो. १९१७ च्या सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' नावाचा लघुपट केला. त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना आणि फिल्म तपासताना दिसतात. त्याचा काही भाग शिल्लक आहे. आपण ज्याला बिहाइंड द सीन्स म्हणतो, तो प्रकार या माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवला होता. आधी लोकांना चित्रपट दाखवायचा, मग तो कसा केला तेही दाखवायचं. जादूगार असून.

'राजा हरिश्चंद्र'ला सहा महिने आणि २७ दिवस लागले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, अण्णा साळुंके तारामती, फाळकेंचा मुलगा भालचंद्र रोहिदास. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला.

जाहिरातीतही फाळकेंनी यंत्राचाच हिशोब मांडला. फक्त तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रं आणि दोन मैल लांबीचं चित्र, अशी त्यांची एक जाहिरात होती. आपण वर काढलेल्या चौकटींशी ताडून बघा, ५७ हजारांचा आकडा जवळपास बरोबर आहे. दोन मैल मात्र पक्की थाप. ३,७०० फूट म्हणजे एक मैलसुद्धा भरत नाही.

नाशिक, युद्ध आणि कॅमेऱ्यातली जादू

त्यानंतर फाळकेंनी कंपनी नाशिकला नेली. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' झाले. १९१४ मध्ये हे तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे तांत्रिक बाजूचं कौतुक झालं, इंग्लंडमध्येच राहून चित्रपट करण्याचे प्रस्ताव आले. त्यांनी ते नाकारले. त्यांना यंत्रं हवी होती, काम नाशिकलाच करायचं होतं.

पण परत आले आणि पहिलं महायुद्ध पेटलं. भांडवल देणाऱ्यांनी हात आखडले. पुन्हा कर्ज, पुन्हा सरस्वतीबाईंचे दागिने.

यातून त्यांना बाहेर काढलं १९१७ च्या 'लंका दहन'ने. अण्णा साळुंके यात राम आणि सीता, दोन्ही झाले. हनुमान उडतो, मोठा होतो, लहान होतो, लंका पेटते. हे सगळं त्याच हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात. भिंगाचा अर्धा भाग झाकायचा, चित्रण करायचं, फिल्म बरोबर मोजून मागे न्यायची, मग उरलेला अर्धा भाग उघडून पुन्हा चित्रण करायचं. किंवा मध्येच कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा आणि पुन्हा हँडल फिरवायचं, की माणूस गायब. प्रोफेसर केल्फाची हातचलाखी इथे कामाला आली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. या चित्रपटाचा बराच भाग शिल्लक आहे, यूट्यूबवर शोधलात तर सापडेल. नक्की बघा.

'राजा हरिश्चंद्र'चं नशीब एवढं चांगलं नाही. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तीही १९१३ ची की फाळकेंनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म भडकन पेट घ्यायची आणि न पेटली तर कुजायची.

दरम्यान, यंत्रांचा हा नाद महाराष्ट्रात दुसरीकडेही पोचला होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी तर कॅमेरा विकत घेण्याऐवजी घरीच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पण ती वेगळी मोठी गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी.

मग आवाज आला

१ जानेवारी १९१८ ला भागीदारांसोबत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पैशाची चणचण संपली आणि भांडणं सुरू झाली. भागीदारांना खर्च आटोक्यात हवा होता, वेळेत चित्रपट हवे होते. फाळकेंना एकेका दृश्यावर पाहिजे तेवढा वेळ हवा होता. ते वैतागून काशीला निघून गेले, तिथे 'रंगभूमि' नावाचं नाटक लिहिलं, आणि १९२२ मध्ये परत कंपनीत आले. मूकपट करत राहिले.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलायला लागला. त्याच वेळी फाळकेंचा 'सेतुबंधन' पूर्ण होत होता, मूकपट म्हणून. लोक आता मूकपटाला येईनात. मग त्यावर आवाज चढवावा लागला.

यातली अडचण केवळ पैशाची नव्हती. बोलपटाला मोटरवर एकसारखा फिरणारा कॅमेरा लागतो, सेकंदाला २४ चौकटी, आणि त्याची खरखर मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून तो झाकावाही लागतो. मोकळ्या उन्हात चादरी धरून, नटाला ओरडून सूचना देत काम करण्याची पद्धत एका फटक्यात बाद झाली. ध्वनिमुद्रणाची यंत्रं इतकी महाग होती की घरातल्या खोलीत कारखाना उभारण्याचे दिवस संपले. जो माणूस सगळी साखळी स्वतःच्या हातात ठेवून इथवर आला, त्याच्या साखळीत आता एक नवी कडी आली होती आणि ती त्याच्या हातात नव्हती.

१९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला. आवाजासह केलेला त्यांचा हा एकमेव चित्रपट आणि शेवटचाही. वय ६७. स्टुडिओ दुसऱ्याचा, यंत्रं दुसऱ्याची.

नंतरची वर्षं नाशिकला गेली, ओढगस्तीत. चित्रपटसृष्टीच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेतला आणि त्यांच्यासाठी थोडी मदत गोळा झाली. पण फाळकेंना काम करायचं होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं, कच्ची फिल्म टंचाईची होती आणि चित्रपट काढायचा तर सरकारचा परवाना लागायचा. जानेवारी १९४४ मध्ये ७३ वर्षांच्या फाळकेंनी नव्या चित्रपटासाठी परवान्याचा अर्ज केला.

१४ फेब्रुवारीला तो नामंजूर झाला. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकच्या घरी दादासाहेब फाळके गेले.